तिसरा पुकारा

देवाला भिणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात. पण देवाच्या कोर्टात आजच आपली तारीख लागली आहे अशा बेतानं रोज सकाळी घोटून दाढी करून, जोडे पुसून उंबऱ्याशी तयार बसणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच होता, आणि देवाच्या कृपेनं तो माझा घरमालक होता. मी त्यांना मामा म्हणायचे. सगळं चर्च त्यांना पुकारेमामा म्हणायचं, कारण अमरावतीच्या कोर्टात त्यांनी उभा जन्म पुकारा करण्यात काढला होता. आत साहेब खुर्चीवर बसले, कारकुनानं नाव सांगितलं, की कमरेला पट्टा बांधलेले मामा व्हरांड्यात येत आणि ते नाव तीनदा अशा आवाजात ओरडत, की लिंबाखाली शिदोरी सोडून बसलेल्या पक्षकाराच्या हातातली भाकर गळून पडावी. तीन पुकाऱ्यांत माणूस आत आला नाही तर तो गैरहजर, आणि मग निकाल एकतर्फी. इंग्रज गेले, नागपूरचं राज्य गेलं, मुंबईचं आलं, कोर्टाचे कागद मराठीत झाले. मामांचं ‘हाजिर है?’ मात्र शेवटपर्यंत तसंच राहिलं.

मी नगरकडची. आई गेली तेव्हा मी पाचवीत होते. धाकटी भावंडं सांभाळायला शाळा सुटली ती सुटलीच. पुढे मिशनच्या दवाखान्याची गाडी चालवणाऱ्या माणसाशी लग्न झालं आणि मी इतक्या लांब येऊन पडले. नवरा आज अकोल्याला, उद्या मूर्तिजापूरला. मी मामांच्या मागच्या खोलीत एकटी. मुळात भित्री, त्यात इथली भाषा अशी, की कुणी प्रेमानं बोललं तरी मला वाटायचं भांडण निघालं. पहिल्याच सकाळी अंगणातून आरोळी आली, “रतनबाई, हाजिर है?” माझ्या हातातला तवा सुटला. पोलीस आले, माझ्याआधी या खोलीत राहणाऱ्या कुणा रतनबाईला धरायला आले, आणि आता मलाच रतनबाई समजून नेणार, इथपर्यंत मी मनात पोचले. दुसरी आरोळी झाली, तिसरी झाली. तेवढ्यात मामी दारात आल्या. “भिऊ नको पोरी,” त्या म्हणाल्या, “बुढा बकरीले बोलावून राहिला. पह्यल्या दोन हाकेत तेबी येत नाई आता. कायदा शिकली.”

त्या घरात सगळ्यांनाच तीनदा पुकारा होई. दूधवाल्याला, मामींना, न्हाणीत विसरलेल्या साबणाला. स्वतः मामांनाही जेवायला तीन हाका लागत. पहिल्या हाकेला ते हलायचे नाहीत, दुसरीला मान वर करायचे आणि तिसरीला “हाजिर” म्हणून उठायचे. मामी म्हणायच्या, “माह्या भाकरी थंड होते तुमच्या कायद्यापायी.” चर्चमध्ये एकदा पाळकसाहेबांनी कौतुकानं मामांना शास्त्र वाचायला उभं केलं. नेमका धडा आदामाचा आला. आदामानं फळ खाल्लं, झाडाआड लपला आणि देवानं त्याला हाक मारली, इथपर्यंत मामा आले आणि त्यांचा जुना घसा मोकळा झाला. “आदाम, हाजिर है?” देवानं एकदाच मारलेली हाक मामांनी तीनदा मारली. पहिलीला कबुतरं उडाली, दुसरीला तान्ही मुलं रडली, आणि तिसरीला मागच्या बाकाखाली लपून चिंचा खाणारा पाळकसाहेबांचाच मुलगा दोन्ही हात वर करून बाहेर आला. त्यानंतर मामांना वाचन मिळालं नाही. पण आमच्यापैकी कितीतरी जणांनी मला सांगितलं, की आदामाला किती भीती वाटली असेल हे आम्हाला त्या दिवशीच कळलं.

देवाचा न्याय हा मामांचा रोजचा विषय. दाराजवळ खुंटीला एक काळा कोट असे. त्याला ‘पेशीचा कोट’ म्हणायचं. सुनावणीच्या दिवशी घालायला म्हणून तो ठेवलेला. लग्नाला नाही, नाताळालाही नाही. कसर लागू नये म्हणून मामी त्याच्या खिशांत कडुलिंबाचा पाला भरत. एका उन्हाळ्यात त्यांनी चुकून त्याच्याखालीच मिरच्या वाळत घातल्या, तर मामा घाबरेघुबरे झाले. “उद्या त्याच्यासमोर उभा राहीन अन् शिंका देत बसीन का?” पाळकसाहेब भेटायला आले की समजूत घालत, प्रभू आपला कैवारी आहे, बापाजवळ आपली बाजू मांडणारा वकील आहे. मामा म्हणत, “ते खरं साहेब. पन न्याय कराले कोन येनार?” पाळकसाहेब म्हणत, तोच प्रभू. मामा मान हलवत. “जो वकील तोच जज्ज! असा खटला मी नोकरीच्या आखरी दिवसापर्यंत पाह्यला नाई. अन् निकाल लागला का वर अपील नाई!” पाळकसाहेब म्हणत, “मामा, दयेवर भरवसा ठेवा.” त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं. “दया कोर्टाच्या बाहेर असते साहेब, चहाच्या टपरीवर. आत मी कधी पाह्यली नाई.” हे ऐकलं की मला रात्री झोप येत नसे. मी लहानपणापासूनची सगळी पापं आठवत पडे, आणि पाचवी सोडलेल्या बाईला त्या कोर्टातलं काय कळणार, या विचारानं पांघरूण डोक्यावरून ओढी.

पण हा इतका न्यायाचा माणूस स्वतः कुणाला शिक्षा देऊ शकत नसे. मांजरानं दूध प्यायलं तेव्हा मामींनी अंगणात रीतसर तक्रार गुदरली. मामांनी मांजराला तीनदा पुकारलं. मांजर छपरावर बसून मिशा पुसत होतं. मामी म्हणाल्या, “नाई आली हाजिर. आता द्या एकतर्फी निकाल, अन् उद्यापासून तिचं दूध बंद.” मामांचा चेहरा एकदम उतरला. “एकतर्फी नाई,” ते म्हणाले, “या घरात एकतर्फी नाई द्याचा निकाल. तारीख वाढवा.” मांजराची तारीख वाढतच गेली आणि दूध चालूच राहिलं. मला हसू आलं होतं. मामी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि चुलीकडे वळल्या.

आणखी एक गोष्ट सगळे पाहत, पण तिच्याबद्दल कुणी बोलत नसे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. सगळे उठून पुढे जात, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घेत. मामा वेदीच्या अर्ध्या वाटेपर्यंत मामींना पोचवत आणि परत येऊन शेवटच्या बाकावर बसत. मी लग्न होऊन आले त्याच्या कितीतरी आधीपासून हे असंच होतं. विचारलं की म्हणत, “माही पेशी बाकी हाये.” लोक म्हणत, म्हाताऱ्याचं डोकं कोर्टातच राहिलं.

पुढे मामांचे कान गेले. उमेदवारीपासून स्वतःच्याच आरोळ्या ऐकून ते झिजले असावेत असं मामींचं मत. मामांना ते कबूल नव्हतं. आजकालच्या लोकांना आवाजच राहिला नाही, असं ते म्हणत. मामी थेट कानाशी तोंड नेऊन ओरडत, तेव्हा कुठे अर्धंमुर्धं पोचे. मग एके दिवशी ते माझ्याजवळ आले. मी तांदूळ निवडत होते. नेहमी कडक बसणारा माणूस माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि हळू आवाजात, म्हणजे शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाला, “पोरी, एक काम करशीन? न्यायाच्या दिवशी आखरी कर्णा वाजला, अन् माहा पुकारा झाला, तं मले ऐकू येनार नाई. तू जवळ असशीन तं माह्या हाताले हात लावजो. नाहीतं निकाल एकतर्फी होईन.” मी हो म्हटलं. पाळकसाहेबांनाही त्यांनी विचारलं असावं, कारण पुढच्या रविवारी मेंढरं मेंढपाळाचा आवाज ओळखतात असा उपदेश झाला. शेवटच्या बाकावरून मामींनी तो नवऱ्याच्या कानात ओरडून सांगितला, आणि साऱ्या चर्चनं मामांचा प्रश्न ऐकला, “बह्यऱ्या मेंढराचं काय?”

आणि अशात ते अष्टग्रहीचं वर्ष आलं. ज्यांनी तो पौष पाहिला त्यांना सांगायला नको. आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार, असं गावोगाव झालं होतं. अमरावतीत, अकोल्यात, जुन्या शहरापासून नव्या पेठांपर्यंत जिकडेतिकडे होम पेटलेले, तुपाच्या धुरानं डोळे चुरचुरत. भाजीवाली न मागता मूठभर कोथिंबीर जास्त घाली, तेच मला अपशकुनासारखं वाटे. माझा नवरा दवाखान्याची गाडी घेऊन मूर्तिजापूरला अडकला होता. मी दिवसा मामींच्या पदराला धरून आणि रात्री त्यांच्या पायाशी. पाळकसाहेब म्हणाले, ख्रिस्ती माणसानं ग्रहांना भिऊ नये. मी त्यांना नाही म्हटलं नाही. पण भीती काही धर्म विचारून येत नाही. त्यातून तो भीतीचा रविवार आणि प्रभुभोजनाचा रविवार एकच आला होता.

त्या आठवड्यात मामांनी जेवण टाकलं. मामींनी तिसरी हाक मारली, चौथी मारली, तरी उठेनात. शेवटी भिंतीकडे पाहत बोलले. “ग्रहायचं भेव नाई मले. पेशीचं हाये.” मग त्यांनी जे सांगितलं ते मामींना अर्धं माहीत होतं आणि मला काहीच नव्हतं. इंग्रजांच्या काळात, भर उन्हाळ्यात, दर्यापूरकडच्या एका विधवेच्या शेताचा खटला होता. दिरानं वावर बळकावलं म्हणून ती कोर्टात आली होती. मामांनी दोन पुकारे सणसणीत केले. जेवणाची वेळ झाली होती, घसा सुकला होता, साहेबही उठायच्या घाईत होते. “तिसरा मी तोंडातल्या तोंडात केला,” मामा म्हणाले. “केला असं दिसावं एवढाच. निकाल एकतर्फी झाला, वावर गेलं. मी डबा घेऊन बाह्यर आलो तं बुढी... तवा बुढी नव्हती ते... लिंबाखाली बसून होती. तशीच. पुकारा होईन म्हनून वाट पाहत.” त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी नुसतं वाहू दिलं. “भावाशी भांडन असन तं आधी ते मिटव, मंग वेदीपाशी ये, असं शास्त्रात हाये ना? मंग मी कसा जाऊ समोर?”

मी घाबरले. मामी घाबरल्या नाहीत, चिडल्या. “इतकी वर्सं देवाले भेत बसले,” त्या कानात ओरडल्या, “अन् तिच्या घरी जायाचं तुमाले सुचलं नाई?” मामा म्हणाले, “सुचलं. पाय उठले नाई.” ती बाई जिवंत होती हे त्यांना ठाऊक होतं. दर्यापूरहून येणाऱ्या प्रत्येकाकडे ते वर्षानुवर्षं तिची चौकशी करत. भावाच्या मळ्यावर भाजी पिकवते, बाजारात बसते, एवढं त्यांना कळत असे. मामींनी खुंटीवरचा कोट काढला, खिशांतला पाला झटकला आणि नवऱ्यापुढे धरला. “घाला. पेशी आज हाये.”

शनिवारी सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं दर्यापूरला गेलो. मला एकटीला मागे राहायचं नव्हतं म्हणून मीही. वाटेत दोन्ही बाजूंनी काळी रानं, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या, आणि गाडीत कुणी बोलेना. जो तो मरायला आपापल्या घरी चालल्यासारखा. मळा गावाबाहेर होता, विहीर, मेथीचे वाफे, वांगी. बायका खुडत होत्या. मामा बांधाशी येऊन थबकले. काळा कोट, घोटलेली दाढी, ओठ हलताहेत आणि शब्द नाही. मी म्हटलं, आता हा माणूस इथंच कोसळणार. आणि मग त्यांनी छाती भरून घेतली. उभ्या जन्मात त्यांना एकच बोलणं नीट येत होतं.

“पार्बताबाई, बेवा गणूजी, हाजिर है?”

विहिरीवरचे बगळे उडाले. बायका खुडता खुडता थांबल्या. एकच पुकारा, दोन आधीच झाले होते. वांग्यांच्या ओळीतून एक वाळकी, ताठ म्हातारी उठली, कपाळावर हात धरून तिनं कोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, “हाजिर हाये बापा. काय झालं?”

मामांना ते ऐकू आलंच नाही. ते तसेच कान टवकारून, पांढरेफटक उभे होते. मी पुढे होऊन त्यांच्या हाताला हात लावला.

पुढचं सगळं संभाषण मामींच्या आवाजात झालं, कारण म्हातारीचं प्रत्येक वाक्य मामी मामांच्या कानात ओरडत, आणि अख्खा मळा ते ऐके. मामांनी गुन्हा सांगितला, अगदी कोर्टात सांगावा तसा, काही न लपवता. म्हातारीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तिसरा ना? ऐकला होता मी. हळू होता, पन ऐकला.”

“ऐकला होता म्हनते!” मामी ओरडल्या.

“मंग आली काहून नाई?” मामांनी विचारलं.

“भेव लागला. आत ते काळे कोटवाले, तो दीर, त्याचा वकील. पह्यल्या पुकाऱ्यापासूनच पाय उठेना. कोनी येऊन हात धरला असता तं गेली असती. आवाजानं का मानूस उठते?”

मामा म्हणाले, “तरी माहा तिसरा पुकारा खोटा होता बाई. तुले ऐकू आला हे तुहं. माहा गुन्हा माहाच हाये. मले माफ कर.”

म्हातारीनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुह्या एका पुकाऱ्यानं माहं वावर गेलं म्हनतं? लयच मोठा समजून राहिला रे तू स्वतःले! वावर खानारे येगळे होते. तुह्यावर राग धरासाठी तुले मी वळखत तं असाले पाह्यजे.” बायका फिसकन हसल्या. मग तिचा आवाज खाली आला. “पन आला इतक्या दूर. केली माफी जाय. उद्या जग बुडनार हाये म्हनते, आता वांगे तं घेऊन जा.” हे मात्र मामींनी ओरडून सांगितलं नाही. त्यांनी नुसता नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला, आणि मामांना कळलं.

परतीच्या एसटीत मामा मांडीवर वांग्यांचं गाठोडं धरून बसले होते. दर्यापूर मागे पडल्यावर एकदाच बोलले, तेही माझ्याशी. “पोरी, मी समजत होतो वकील कोर्टाच्या आत उभा राह्यते. हा वकील तं लिंबाखाली येत असन. हात धरून आत न्याले.” मी मान हलवली. मला वाटलं होतं आता त्यांची भीती गेली. पण भीती अशी एका दिवसात जात नाही, हे मला तरी माहीत असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी चर्च कधी नव्हे इतकं भरलं होतं. बाहेर होमांचा धूर, आत माणसांची अशी शांतता, की कुणी खोकलं तरी सगळे वर पाहत. प्रभुभोजनाची वेळ आली. मामांनी कोट घातला होता. मामी उठल्या, सवयीनं मामाही उठले, अर्ध्या वाटेपर्यंत गेले, आणि तिथून परत फिरून शेवटच्या बाकावर येऊन बसले. पाय उठेनात. पाळकसाहेब हातात ताट धरून थांबले. मामी वेदीपाशी पोचल्या होत्या. त्या वळल्या, सगळ्या चर्चमधून चालत मागे आल्या, आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी नवऱ्याचा हात धरला. ज्या काळात अमरावतीत नवरा-बायको रस्त्यानं चालताना मधे दोन माणसांची जागा सोडत, त्या काळात. बाकांवरून कुजबुज गेली. मामा लाजले, उठले, आणि जग बुडायच्या त्या रविवारी एखाद्या नवरदेवासारखे हाताला धरून पुढे नेले गेले. तोंडात भाकरीचा तुकडा ठेवला तेव्हा त्यांचा सगळा चेहरा हलत होता.

जग काही बुडालं नाही. सोमवारी दूधवाला आला, मामांनी त्याला तीनदा पुकारलं. मांजराचा खटला मांजर मरेपर्यंत तहकूबच राहिला. कोट खुंटीवरून उतरला आणि लग्नांना, बारशांना जाऊ लागला. त्याच्या खिशांतून पाल्याऐवजी खारे शेंगदाणे निघू लागले. भीती होतीच. आभाळ गडगडलं की मामा दचकून मामींचा हात शोधत, कारण गडगडाट तेवढा त्यांना ऐकू येई. पण हात शोधत, कोट शोधत नसत.

काही वर्षांनी, अशाच एका हिवाळ्यात ते गेले. दुपारची वेळ, ऊन अंगणात आलेलं. आदल्या दिवसापासून बोलणं बंद होतं. मी दिलेला शब्द मला आठवत होता. मी एका बाजूला त्यांचा हात धरून बसले होते, दुसऱ्या बाजूला मामी. मी कान देऊन होते. मला कर्णा ऐकू आला नाही, हाक ऐकू आली नाही. बकरी तेवढी ओरडली. मामांनी मात्र एकाएकी मान किंचित वळवली, दाराकडे, कुणीतरी उंबऱ्याशी आल्यासारखी, आणि त्यांच्या हाताची पकड सैल झाली.

मग मामींनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं. “पाह्य पोरी,” त्या म्हणाल्या, “जेवाले तीन हाका मारल्याशिवाय हा मानूस कधी उठला नाई. अन् आज एका हाकेत गेला.”

आता मामीही नाहीत. माझेही कान हल्ली कमी झालेत, मुलं ओरडून बोलतात. आभाळ गडगडलं की मी अजूनही दचकते. त्या बाबतीत मी पाचवीतल्याइतकीच आहे. पण मग मी उजवा हात पांघरुणाबाहेर काढून ठेवते. कुणी धरायला आलं, तर सापडावा.